सोसायटीची स्टेशन-बस: सकाळी भरते, संध्याकाळी बुडते. या चुका टाळा

घोडबंदर रोडला राहायला आलं की पहिल्या पावसाळ्यातच कळतं, की घर ठाण्यात असलं तरी ठाणे स्टेशन दुसऱ्या गावाला आहे. कासारवडवलीहून स्टेशन साधारण १० किलोमीटर. मध्ये पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, आणि सोबतीला न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर. मग कुणीतरी ग्रुपवर टाकतो, ‘आपण स्वतःची बस का सुरू करत नाही?’

आमच्या संकुलाने ती केली. पहिली ८ महिन्यांत बंद पडली, दुसरी अजून चालू आहे. पहिली का बुडाली याची बैठकीत बरीच कारणं निघाली, पण माझ्या मते खरं कारण एकच: आम्ही फक्त जाण्याचा विचार केला, येण्याचा केलाच नाही.

अंगठे मोजू नका

ग्रुपवर १४० अंगठे आले. पहिल्या महिन्याचे पैसे भरले ५२ जणांनी. बस हवी का, असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? विचारायचं वेगळंच असतं. सकाळी कोणती लोकल पकडता? संध्याकाळी किती वाजता ठाण्यात उतरता? आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जाता? आज कशाने जाता आणि महिन्याला किती खर्च होतो? आता घरूनच काम करणारे बरेच आहेत, त्यामुळे आठवड्यात ३ दिवस जाणारा माणूस पूर्ण पास काढेल असं धरून चालू नका. आणि एका महिन्याची आगाऊ रक्कम आल्याशिवाय गाडी ठरवू नका. दुसऱ्या वेळी आम्ही हेच केलं, तेव्हा आकडा आपोआप खरा आला.

रविवारी वेळ मोजलीत तर फसलात

समितीतले दोघे रविवारी दुपारी गाडी घेऊन गेले आणि २५ मिनिटांत स्टेशनला पोहोचले. त्यावर हिशेब बसला: जायला २५, यायला २५, दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबा, म्हणजे एक फेरा ६० मिनिटांचा. २ बस घेतल्या तर दर अर्ध्या तासाला एक गाडी.

सोमवारी सकाळी जाताना लागली ४० मिनिटं, परतताना ३०, थांबे धरून ८०. गंमत अशी, की प्रत्येक फेऱ्यात २० मिनिटांचा तोटा साठत जातो. ६.३० ची बस वेळेवर गेली, तिचीच ७.३० ची फेरी निघाली ७.५० ला, आणि ८.३० ची थेट ९.१० ला. चालकाला कितीही ओरडा, तो कापूरबावडीचा सिग्नल खाऊन टाकू शकत नाही.

सूत्र साधं आहे: एका फेऱ्याला लागणारी मिनिटं भागिले दोन गाड्यांमधलं अंतर, म्हणजे किती गाड्या लागतील. ८० मिनिटांचा फेरा आणि दर २० मिनिटांनी गाडी हवी असेल तर ४ गाड्या. परवडत नसतील तर ४० मिनिटांचं अंतर प्रामाणिकपणे छापा. अर्ध्या तासाचं वेळापत्रक लावून रोज लोकांना फसवण्यापेक्षा ते बरं. वेळ मात्र कामाच्या दिवशी, निदान ३ वेगवेगळ्या सकाळी मोजा, आणि त्यातली सर्वात वाईट सकाळ धरा.

संध्याकाळ

सकाळी सगळे ६.४५ ते ८.४५ या दोन तासांत निघतात. ठरलेली लोकल असते, माणसं शिस्तीत उभी असतात, बस भरते, समिती खूश. संध्याकाळी तीच माणसं ५.३० पासून १०.३० पर्यंत विखरून येतात. कुणाची मीटिंग लांबते, कुणाची गाडी कुर्ल्याला खोळंबते. पुलावरून धावत खाली यावं तर बस दोन मिनिटांपूर्वी सुटलेली, आणि पुढची ४० मिनिटांनी. माणूस शिव्या घालत रिक्षा करतो. आठवड्यात असं दोनदा झालं की तो मनातल्या मनात हिशेब मांडतो, आणि पुढच्या महिन्याचा पास काढत नाही. तक्रारही करत नाही. नुसता गळतो.

म्हणून ‘सकाळी गर्दी, तरी पास घटतायत’ हे लक्षण दिसलं की सकाळच्या वेळापत्रकाशी खेळत बसू नका, परतीच्या फेऱ्या तपासा. आम्ही तीन गोष्टी बदलल्या. संध्याकाळी बस घड्याळावर न सोडता, चालकाने प्रवाशांच्या ग्रुपवर लोकेशन टाकायचं आणि कुणी ‘मुलुंड सोडलं’ असं कळवलं तर जास्तीत जास्त ५ मिनिटं थांबायचं. ८.३० नंतर मिनीबसऐवजी १७ सीटची ट्रॅव्हलर. आणि रात्रीची शेवटची फेरी, एकच प्रवासी असला तरी, रद्द करायची नाही. या शेवटच्या नियमावर खजिनदार अजून कुरकुरतात. पण रात्री सोय नक्की आहे या भरवशावरच बऱ्याच बायका सकाळचा पास काढतात, हे त्यांना कोण समजावणार!

गाडी कुठे थांबणार?

ठाण्याला पश्चिमेला सॅटिस, म्हणजे स्टेशनला लागून असलेला बसचा उन्नत पूल. त्याच्या वरून परिवहनच्या बस आणि खाली रिक्षा. सोसायटीची बस तिथे निवांत उभी राहील हे स्वप्न सोडा. थोडं लांब, पण रोज न हटवली जाणारी जागा शोधा, आणि वाहतूक पोलिसांशी आधी बोला, पावती फाटल्यावर नाही. त्याच फेरीत शेअर रिक्षावाल्यांशीही बोलून घ्या. शेजारच्या चार सोसायट्यांची माणसं उचलायला लागलात तर त्यांच्या पोटावर पाय येतो, आणि मग बसच्या पुढ्यात रिक्षा आडव्या लागतात.

इकडच्या टोकाला वेगळीच गंमत. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल आहेत. नवा चालक सवयीने पुलावर चढतो आणि खाली उभे असलेले प्रवासी बसचं टपावरचं कॅरियर बघत राहतात. थांबा ठरवताना ‘पुलाखालून’ हा शब्द लेखी घाला. रात्री कुणालाही महामार्गाच्या पलीकडे उतरवू नका, सोसायटीच्या बाजूलाच.

परवाना: इथे हयगय नको

गावाकडे मामांची पांढऱ्या पाटीची गाडी आहे, स्वस्तात मिळेल, अशी सूचना प्रत्येक बैठकीत येते. ती तिथेच थांबवा. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी लागते (विजेवरची असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरं) आणि परवाना लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे कंत्राटी परवान्याची गाडी एका करारावर ठरलेल्या प्रवाशांना नेते. वाटेत हात दाखवणाऱ्याला सुटं तिकीट फाडून घेतलंत की ती टप्पा वाहतूक झाली, तिचा परवाना निराळा. विनापरवाना वाहतुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड आहे, कैदही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच कागद काढते.

म्हणून करार संस्था आणि ठेकेदार यांच्यात, ठरलेली रक्कम संस्थेकडून, प्रवाशांची यादी तयार, आणि चालकाच्या हातात रोख पैसे अजिबात नाहीत. ‘आज पाहुणे आलेत, घ्या ना दादा’ याला नाही म्हणायला चालकाला शिकवा.

पैशाचा भोवरा

समजा २ मिनीबसचं महिन्याचं भाडं २ लाख. १०० पास असतील तर माणशी २,०००. ८० झाले की २,५००. ६० झाले की ३,३३३, आणि त्या दराला उरलेलेही पळतात. मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला जाते, गणपतीत कोकणातली जातात, आणि भाडं मात्र तेवढंच. त्यामुळे पास महिन्याचा न ठेवता तिमाही ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांतच थोडी शिल्लक बाजूला काढा. बस न वापरणाऱ्यांच्या देखभाल वर्गणीतून तूट भरायचा मोह झाला, तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतील. शेजारच्या संकुलाला भागीदार करून घेणं त्याहून सोपं, फक्त तेही मूळ करारात आणि यादीत असू द्या.

ठेकेदाराशी करार करताना तीन ओळी विसरू नका. डिझेलचा भाव वाढला तर भाडं कोणत्या हिशेबाने वाढेल. गाडी बंद पडली तर बदली गाडी किती वेळात येईल. आणि चालक किती. सकाळी ६ ची पहिली आणि रात्री ११ ची शेवटची फेरी म्हणजे १७ तास. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती. तरी आमच्या पहिल्या ठेकेदाराने एकाच माणसाला दोन्ही टोकांना जुंपलं होतं. दुपारी तो बसमध्येच झोपायचा. एका संध्याकाळी माजिवड्याला त्याची डुलकी पुढच्या सीटवरच्या काकूंनी पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या रिक्षाने जायला लागल्या.