देव आहे हे घरातल्या नास्तिकाला कसं सांगायचं

प्रत्येक घरात एक असतोच, आरतीला येणार नाही पण मोदक पहिला उचलणार आणि वर विचारणार, देव आहे कशावरून. आमच्याकडे तो भाचा आहे, इंजिनिअरिंगला. त्याच्यासमोर मी दोन-तीनदा सपाटून तोंडावर आपटलोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी चमत्कार बाजूला ठेवा. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पीत होता तेव्हा मी पण वाटी घेऊन लाईनीत उभा होतो, आणि हे मी मोठ्या तोंडाने सांगायला गेलो तर भाच्याने चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे कसं ओढलं जातं ते किचनमध्येच करून दाखवलं. विषय संपला. बिग बँग म्हणजे आमचंच सृष्टिनिर्माण हेही नको. ती कल्पना मांडणारा लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होता आणि १९५१ मध्ये पोपनी तसं जोडायला सुरुवात केली तर त्यालाच ते आवडलं नाही. विज्ञानाला आज येत नाही तिथे देव बसवला की उद्या त्याला उठवावं लागतं.

मग बोलायचं काय? तर आपल्याकडे उदयनाचार्य होऊन गेले, मिथिलेचे, साधारण हजार वर्षांपूर्वीचे, न्याय दर्शनाचे म्हणजे तर्काने तत्त्वज्ञान मांडणाऱ्या परंपरेचे, त्यांचा न्यायकुसुमांजली हा ग्रंथ पूर्ण देव आहे कशावरून याच विषयावर आहे. साधं करून सांगायचं तर मडकं आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हे पण कार्य आहे, म्हणजे कधीतरी घडलेलं आहे, म्हणून घडवणारा कोणीतरी जाणता असणार. इथे समोरचा लगेच म्हणतो "मग देवाला कोणी बनवलं?" आणि आपण गडबडतो. गडबडू नका. "प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो" असं म्हणायचंच नाही, "जे घडलेलं आहे त्याला कर्ता असतो" असं म्हणायचं. देव घडलेला नाही, त्यामुळे तो प्रश्न लागूच होत नाही. जग घडलेलं कशावरून, तर ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं आहे म्हणून. हे वाक्य पाठच करा, अर्धा वाद इथेच ठरतो.

पण खरी मेख पुढे आहे. पोरगं हुशार असेल तर म्हणेल की मडकं करताना कुंभार आपण बघतो, जग करताना कोणी बघितलं? आणि बंगला एक माणूस बांधतो का, मग कर्ता एकच कशाला? कुंभाराला हातपाय असतात, देवाला पण आहेत का? चिडू नका, साधारण हेच आक्षेप रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या त्यांच्या भाष्यात, घेतलेत, आणि ते काय नास्तिक होते का! त्यांचं म्हणणं, ईश्वर अनुमानाने म्हणजे तर्काने नाही, शास्त्रानेच म्हणजे वेद-उपनिषदांतूनच कळतो. म्हणून कबूल करून टाका की हे प्रूफ नाही, पण मानायला जागा आहे एवढं नक्की दाखवतं. कबूल केलं की समोरचा पण जरा खाली येतो, हा माझा अनुभव.

नास्तिक म्हणजे वाया गेलेला असं चुकूनही म्हणू नका, आपल्याच दर्शनांपैकी एक असलेले पूर्वमीमांसावाले वेद प्रमाण मानतात पण जग बनवणारा ईश्वर मानत नाहीत. आणि घरात कोणी गेलं असेल तेव्हा "देवाची इच्छा" वगैरे नकोच. गप्प बसा, चहा टाका.

वारीत काय वाटलं, आई आजारी असताना नामस्मरणाने कसं निभावलं, हे सांगा की, पण माझं म्हणून सांगा, पुरावा म्हणून नाही.

गेल्या गणपतीत एवढं सगळं नीट बोललो तर भाचा विचारतो, मामा अणूला तुकडे नसतील तर तो कोणी बनवला? शोधलं तर न्यायवाल्यांच्या, म्हणजे उदयनाचार्यांच्याच परंपरेच्या, मते कोणीच नाही, परमाणू म्हणजे ज्यांचे आणखी तुकडे होत नाहीत ते कण नित्य आहेत, कधी घडलेलेच नाहीत, देव फक्त ते जुळवतो, कुंभाराला माती आयती मिळते तसं. मला हे वाचून थोडं वाईटच वाटलं, आपला देव अणू पण बनवत नाही म्हणजे काय. भाचा मात्र खूश, म्हणाला एवढा देव मला चालेल.