किलोमीटरचे नॅनोमीटर करताना मधे मीटरवर थांबा

नुकतेच अकरावी सायन्सला किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आला असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. मीटर-सेंटीमीटर येतं, दहाचे घात येतात, घातांकांचे नियम शाळेतच होऊन गेलेत, असं धरून चालते. तरीसुद्धा ‘चार किलोमीटर म्हणजे किती नॅनोमीटर’ असं कुणी विचारलं की पेन अडतं. आणि नाही अडलं, तर पुष्कळदा उत्तर उलटं येतं. मला मुख्यतः या उलटं येण्याबद्दलच बोलायचंय. मी स्वतः त्यात बराच काळ अडकले होते आणि नेमकं कुठे बिनसतंय ते कुणी बोट ठेवून दाखवत नव्हतं. ‘सराव कर, जमेल’ एवढंच ऐकायला मिळायचं. पण उलट्या रीतीचा सराव केला तर उलटंच पक्कं होतं.

पुस्तकातल्या तक्त्यात लिहिलेलं असतं: नॅनो म्हणजे 10⁻⁹. हे आपण पाठ करतो. मग मीटरचे नॅनोमीटर करायची वेळ आली की डोक्यात तेवढंच घुमत असतं, आणि हात लिहून जातो: 1 मीटर = 10⁻⁹ नॅनोमीटर. संपलं. इथून पुढचं सगळं गणित नियमाने बरोबर होतं आणि उत्तर अठरा घातांनी चुकतं.

तक्त्यात काहीच चूक नाही. तक्ता सांगतो की एक नॅनोमीटर किती मीटरचा असतो. 1 नॅनोमीटर = 10⁻⁹ मीटर. आपला प्रश्न वेगळा असतो: एका मीटरमध्ये नॅनोमीटर किती मावतात? त्याचं उत्तर 10⁹. पैशांत बघा. एक पैसा म्हणजे 0.01 रुपया, हे खरं. म्हणून एका रुपयाचे 0.01 पैसे होतात असं कुणी म्हणेल का? शंभर होतात. रुपयाच्या बाबतीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण पैसा लहान आहे हे मनात आधीच असतं. नॅनोमीटर कधी हातात धरलेला नसतो, त्यामुळे तिथे मन मदतीला येत नाही आणि पाठांतर एकटं पडतं.

पुन्हा एकदा, मायक्रो घेऊन. 1 मायक्रोमीटर = 10⁻⁶ मीटर. म्हणून 1 मीटर = 10⁶ मायक्रोमीटर. ही दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहा. मग मिलीची दोन, नॅनोची दोन, पिकोची दोन. मोठ्या बाजूलाही तेच: 1 किलोमीटर = 10³ मीटर, म्हणून 1 मीटर = 10⁻³ किलोमीटर. मी तर म्हणेन, ‘नॅनो म्हणजे 10⁻⁹’ हे अर्धं वाक्य पाठच करू नका. ‘1 नॅनोमीटर म्हणजे 10⁻⁹ मीटर’ असं दोन्ही बाजूंना एककं असलेलं पूर्ण वाक्य पाठ करा. जिभेला थोडं जड जातं, पण वाचवतं तेच.

आता रीत. आकडेमोडीच्या आधी एक गोष्ट ठरवायची: नवं एकक लहान आहे की मोठं? लहान असेल तर आकडा वाढणार, मोठं असेल तर घटणार. समासात ‘वाढ’ किंवा ‘घट’ असं पेन्सिलीने लिहून ठेवा. मग दिलेलं माप मीटरमध्ये आणा. तिथे थांबा. मग मीटरमधून हव्या त्या एककात जा. 4 किलोमीटर = 4 × 10³ मीटर. एका मीटरचे 10⁹ नॅनोमीटर, म्हणून 4 × 10³ × 10⁹ = 4 × 10¹² नॅनोमीटर. समासात ‘वाढ’ लिहिलंय, आकडा वाढलाय, जुळलं.

ज्यांना थेट उडी मारायचीच आहे त्यांच्यासाठी नियम असा: निघालो त्याच्या घातांकातून पोचायचं त्याचा घातांक वजा करा. किलोचा 3, नॅनोचा उणे 9, म्हणून 3 − (−9) = 12. यातलं दुसरं उणे घाईत गळतं आणि 3 − 9 = −6 होतं. बहुपर्यायी परीक्षेत तुमच्यासमोर 10¹² आणि 10⁻⁶ हे दोन्ही पर्याय असणार, कारण पेपर काढणाऱ्याला हे गळणारं उणे चांगलं ठाऊक असतं. आपलं उत्तर पर्यायांत दिसलं म्हणजे ते बरोबर, हा समज आजच सोडा. जेईई आणि नीटमध्ये चुकीच्या पर्यायाला एक गुण कापला जातो.

दहाच्या पायऱ्यांचा जो जिना शाळेत काढतात, किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली, तो माझ्या मते पाचवी-सहावीपुरता ठीक आहे. पुढे तो नडतो. त्यात प्रत्येक पायरी दहाची असते, म्हणून मिलीच्या खाली मायक्रो ही पुढची एक पायरी वाटते. प्रत्यक्षात मिलीनंतर प्रत्येक उडी हजाराची आहे: मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो, ॲटो. किलोच्या वरही तसंच: मेगा, गिगा, टेरा, पेटा, एक्सा. स्क्रू गेजने केसाची जाडी मोजली आणि 0.07 मिलिमीटर आली, तर ती 70 मायक्रोमीटर. जिना उतरणारा 0.7 लिहितो. दशांश चिन्ह नुसतं ‘सरकवायला’ शिकवणाऱ्या मार्गदर्शकांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. चिन्ह कुठे सरकतं ते ते दाखवतात, का सरकतं ते नाही, आणि बारा घरं सरकवताना शून्य मोजणारं बोट हमखास चुकतं.

चिन्हांतली लिपी सांभाळा. मिलीचा एम लहान, मेगाचा मोठा. मिलिमीटर आणि मेगामीटर यांच्यात नऊ घातांचं अंतर आहे आणि कागदावर ते एका अक्षराच्या उंचीएवढं दिसतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल वर्गात कुणी बोलत नाही. आपण लाख-कोटीत विचार करतो. लाख म्हणजे 10⁵, कोटी म्हणजे 10⁷. हे दोन्ही आकडे मेगा-गिगाच्या तीन-तीनच्या उड्यांत बसत नाहीत. पृथ्वीपासून सूर्य सरासरी 14 कोटी 96 लाख किलोमीटर दूर आहे. हे गिगामीटरमध्ये सांगायचं तर कोटी-लाखाचं आधी घातात रूपांतर करा: 14.96 × 10⁷ किलोमीटर, म्हणजे 1.496 × 10⁸ किलोमीटर, म्हणजे 1.496 × 10¹¹ मीटर. गिगा 10⁹ चा, तेव्हा 149.6 गिगामीटर. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे अब्ज, एवढं पक्कं असलं की पुरतं. लाख-कोटीत विचार करणं यात काहीही कमीपणाचं नाही. फक्त गणित सुरू करण्याआधी घातात या.

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हे सगळं एकदम अंगावर येतं. डार्क रूम, पिवळा सोडियम लॅम्प, स्पेक्ट्रोमीटरवर ग्रेटिंग (म्हणजे अगदी जवळजवळ समांतर रेघा असलेली काच), आणि ग्रेटिंगवर लिहिलेलं असतं: इंचाला 15,000 रेघा. म्हणजे सुरुवातच इंचापासून. एक इंच 2.54 सेंटीमीटर, त्याला 15,000 ने भागलं की दोन रेघांमधलं अंतर 1.693 × 10⁻⁴ सेंटीमीटर येतं. पहिल्या ऑर्डरचा, म्हणजे मधल्या रेषेच्या बाजूला दिसणाऱ्या पहिल्या रेषेचा, कोन साधारण 20.4 अंश मिळतो, त्यावरून तरंगलांबी निघते 5.9 × 10⁻⁵ सेंटीमीटरच्या आसपास. जर्नलमध्ये उत्तर मात्र अँगस्ट्रॉममध्ये मागतात. इथे पुष्कळांचा धीर सुटतो. सुटू देऊ नका. मीटरवर या: सेंटीमीटरचा घातांक उणे 2, म्हणून 5.9 × 10⁻⁷ मीटर. एका मीटरचे 10⁹ नॅनोमीटर, म्हणून 590 नॅनोमीटर. एक अँगस्ट्रॉम 10⁻¹⁰ मीटर, म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग, म्हणून 5900 अँगस्ट्रॉम. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉमवर आहेत. तुमचं उत्तर 59 किंवा 5,90,000 आलं, तर कोन पुन्हा मोजत बसू नका. आधी सेंटीमीटरचे ते दोन घात शोधा, बहुतेक तिथेच काहीतरी राहिलेलं असतं.

कॅल्क्युलेटर वापरत असाल तर 10⁻⁹ साठी आधी 10 दाबून मग ईएक्सपी (‘गुणिले दहाचा घात’ लिहिणारी कळ) दाबू नका. ते 10 × 10⁻⁹ होतं, म्हणजे 10⁻⁸. आधी 1 दाबायचा.

एवढ्या मोठ्या-लहान एककांचा संबंध एकाच प्रश्नात कुठे येतो, असं वाटत असेल तर हिंगोलीकडे बघा. औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची (अवकाशच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींची) वेधशाळा उभी राहायची आहे, आणि एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. मी मराठवाड्यातली, त्यामुळे हे उदाहरण मला फार जवळचं आहे. या यंत्राची प्रत्येक भुजा 4 किलोमीटरची. आतल्या लेसरची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर. भुजेत अशा किती लहरी मावतील? दोन्ही मापं एकाच एककात आणल्याशिवाय भागाकार करताच येत नाही. 4 × 10¹² भागिले 1064, म्हणजे सुमारे 376 कोटी.

अमेरिकेतल्या लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. तिच्यामुळे भुजेच्या लांबीत जो फरक पडला तो मूळ लांबीच्या साधारण 10⁻²¹ पट होता. 4 × 10³ मीटर गुणिले 10⁻²¹ म्हणजे 4 × 10⁻¹⁸ मीटर, म्हणजे 4 ॲटोमीटर. प्रोटॉनचा व्यास सुमारे 1.7 फेम्टोमीटर, म्हणजे 1700 ॲटोमीटर. त्यातले चार! आणि ती लहर आली होती सुमारे 1.3 अब्ज प्रकाशवर्षांवरून. एक प्रकाशवर्ष 9.46 × 10¹⁵ मीटर, तेव्हा ते अंतर सुमारे 1.23 × 10²⁵ मीटर, म्हणजे 12.3 योटामीटर (योटा म्हणजे 10²⁴). हेच ॲटोमीटरमध्ये हवं असेल तर 25 मध्ये 18 मिळवा: 1.23 × 10⁴³. रीत तीच, किलोमीटर-नॅनोमीटरचीच. एककं कितीही अवाढव्य झाली तरी तुम्हाला नवीन काही शिकावं लागत नाही.

उपसर्ग किती पाठ करायचे? अकरावीला पिकोपासून टेरापर्यंत भागतं. अणुकेंद्राचा धडा आला की फेम्टो घ्या. 1991 मध्ये योटा-झेटा आणि झेप्टो-योक्टो आले, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये रोना, क्वेटा, रोन्टो, क्वेक्टो यांची भर पडली. क्वेटा म्हणजे 10³⁰. स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडींसाठी ही नावं ठेवा, गणितासाठी त्यांच्या मागे लागू नका. प्रकाशवर्ष, खगोलीय एकक (साधारण पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) आणि अँगस्ट्रॉम ही उपसर्गांच्या रांगेत न बसणारी मापं मात्र मीटरमध्ये पाठ हवीत. खगोलीय एकक 2012 पासून नेमकं 149,597,870,700 मीटर ठरलेलं आहे. तुम्हाला 1.496 × 10¹¹ एवढं पुरेल.

एकक बदलून देणारी ॲप मोबाइलवर आहेत. उत्तर ताडून बघायला वापरा. सोडवायला वापरलीत तर परीक्षा हॉलमध्ये फोन बाहेर ठेवल्यावर काय हाताशी राहील, याचा आजच विचार करा.

आता चार उदाहरणं, समासात ‘वाढ’ की ‘घट’ ते आधी लिहून. कळसूबाईची उंची 1646 मीटर, ती नॅनोमीटरमध्ये. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या एका अँटेनाचा व्यास 45 मीटर, तो मायक्रोमीटरमध्ये. चंद्राचं सरासरी अंतर 3,84,400 किलोमीटर, ते मिलिमीटरमध्ये. आणि लायगोच्या लेसरचे 1064 नॅनोमीटर, किलोमीटरमध्ये. उत्तरं क्रमाने: 1.646 × 10¹², 4.5 × 10⁷, 3.844 × 10¹¹, 1.064 × 10⁻⁹. पहिली तीन आली आणि चौथं अडलं, तर घाबरायचं कारण नाही. तिथे लहानाकडून मोठ्याकडे जायचंय, म्हणून समासात ‘घट’ हवी. आधी 1.064 × 10⁻⁶ मीटर करा, मग एक मीटर म्हणजे 10⁻³ किलोमीटर हे पूर्ण वाक्य लिहा आणि गुणा.