स्पार्कस्टेशन २० मध्ये डिस्क बसवण्याआधी

स्पार्कस्टेशन २० म्हणजे सन कंपनीचं जुनं वर्कस्टेशन. स्क्रू ड्रायव्हर, अँटिस्टॅटिक पट्टा, जुन्या डेटाचा बॅकअप हे काही सांगायला नको. सांगायचंय ते सेक्टरचं. डिस्क हातात आली की मशीनचं झाकण उघडायच्याही आधी तिचा सेक्टर, म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो तुकडा, किती बाइटचा ते बघा. ५१२ हवा. मी बघितला नव्हता आणि दोन दिवस घालवले.

या मशीनला स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क लागते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या स्कझी डिस्क बऱ्याचदा मोठ्या स्टोरेज अ‍ॅरेमधून काढलेल्या असतात. तिथे प्रत्येक सेक्टरला तपासणीसाठी आठ बाइट जास्त, म्हणजे ५२०. लेबलवर हे लिहिलेलं असेलच असं नाही.

विकत घेताना कनेक्टर बघा: ८० पिनी एससीए, ज्यात वीज आणि डेटा एकाच कनेक्टरमधून जातात. उंची एक इंच, जाड डिस्क खणात जाणारच नाही. हाय-व्होल्टेज डिफरन्शियल (जास्त व्होल्टेजचे सिग्नल वापरणारी स्कझी) डिस्क फुकट मिळाली तरी घेऊ नका, कंट्रोलर जळू शकतो. एलव्हीडी, म्हणजे कमी व्होल्टेजची, चालते; ती या मशीनच्या साध्या बसवर (सगळी उपकरणं जोडलेल्या स्कझीच्या तारांवर) मुकाट्याने जुळवून घेते. १५,००० आरपीएमचा मोह नको. पिझ्झाच्या खोक्याएवढ्या डब्यात ती भाजून निघते, आणि बस सेकंदाला १० एमबीचीच, मग कशाला?

आयडीचे, म्हणजे बसवरच्या डिस्कच्या क्रमांकाचे, जंपर लावत बसू नका. एससीएत आयडी खणाकडूनच मिळतो, ३ आणि १. बूट डिस्क ३ वर. सीडी ६ वर, तीही ५१२ बाइटचे ब्लॉक देणारी हवी, नाहीतर बूट होणार नाही. बघा, सगळीकडे ५१२च.

आता प्रोब-स्कझी, म्हणजे जोडलेल्या डिस्क दाखवणारी मशीनच्या बूट प्रॉम्प्टवरची कमांड. चालू सोलॅरिसमधून (सनची ऑपरेटिंग सिस्टिम) स्टॉप-ए या कळा मारून बूट प्रॉम्प्टवर येऊन ते चालवलं तर मशीन अडकू शकतं. ऑटो-बूट बंद करा, रीसेट द्या, मग प्रोब. टार्गेट ३, म्हणजे आयडी ३, समोर डिस्कचं नाव दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. होऊ नका! मीही झालो होतो. नाव ५२० वाल्या डिस्कचंही तस्संच येतं. पुढे डिस्कवर लेबल (तिच्या विभागांचा तक्ता) लिहिताना सगळं बोंबललं, आणि मी आधी खणातला कनेक्टर, मग पॉवर सप्लाय, मग बिचाऱ्या सीडीला दोष देत बसलो. शेवटी डिस्क लिनक्सच्या पीसीला लावली तर एका ओळीत उत्तर: अनसपोर्टेड सेक्टर साइज ५२०.

म्हणून स्कझी कार्डवाला पीसी आणि ८० ते ६८ पिनी अडॅप्टर आधीच जमवा. लिनक्सच्या एसजी_रीडकॅप कमांडने सेक्टरचा आकार बघा. ५२० निघाला तर एसजी_फॉरमॅटला साइज ५१२ देऊन चालवा. त्यात डिस्कवरचं सगळं जातं, आणि वेळही बराच लागतो. यूपीएस लावा, मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून. झाल्यावर पुन्हा एसजी_रीडकॅप. हो, पुन्हा.

एनव्हीरॅमच्या (मशीनच्या सेटिंग्ज आणि ओळख जपणाऱ्या) चिपमधली बॅटरी बहुतेक मेलेलीच असणार. आयडीप्रॉम इनव्हॅलिड असं दिसलं तर डिस्कला शिव्या देऊ नका, नवी चिप आणा. सोलॅरिस ९ च्या पुढचं या मशीनवर चालत नाही. बाहेरचा डबा जोडलात तर त्याच्या टोकाला टर्मिनेटर, म्हणजे बसचं टोक बंद करणारा जोड, लावा. फॉरमॅट, लेबल, इन्स्टॉल, बूट-डिव्हाइस तपासा, ऑटो-बूट परत चालू करा. बाकीचं इन्स्टॉलर विचारेल तसं.

सेक्टर बघितलात ना?