जुन्या बोटीच्या डेक फिटिंगला सीलंट लावताना या चुका टाळा

उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं की पाणी मागे हटतं आणि काठावर ओढलेल्या बोटी पावसाळा लागेपर्यंत उन्हात पडून राहतात. डागडुजीला हाच काळ सोयीचा. जुन्या फायबर बोटीचा मालक, मग ती शिडाची असो की इंजिनाची, सोलापुरात हार्डवेअरच्या दुकानात येतो आणि म्हणतो, "सगळ्यात पक्कं काय असेल ते द्या." गडबड इथूनच सुरू होते. क्लीट (दोरी बांधायची खुंटी), कप्पी, रेलिंगचे खांब हे सगळं डेकला, म्हणजे बोटीच्या वरच्या तळाला, धरून ठेवायचं काम बोल्टचं आणि खालच्या पट्टीचं. सीलंटनं, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुगदीनं, फक्त पाणी अडवायचं. जुन्या बोटीवर आज बसवलेली फिटिंग चार-पाच वर्षांनी पुन्हा काढावी लागणार, हे धरूनच माल निवडायला हवा.

पक्कं म्हणून पॉलियुरेथेन

पॉलियुरेथेन सीलंट मुळात गोंदाच्या जातीचा. जिथं दोन भाग कायमचे जोडायचे असतात, तिथं तो उत्तम. पण क्लीटखाली जास्त ताकदीचा पॉलियुरेथेन भरला, तर पुढच्या वेळी क्लीट उचकटताना जेलकोटची, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत वरच्या थराची, खपली सोबत निघते. दहा मिनिटांच्या कामाला मग फायबरचं काम चिकटतं. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडकीला तर तो लावूच नका, त्या प्लास्टिकला तो मानवत नाही.

पॉलिसल्फाइड हा दुसरा सीलंट धातू आणि लाकडासाठी चांगला, पॉलियुरेथेनपेक्षा सुटा करायलाही सोपा. मात्र प्लास्टिकच्या फिटिंगला तोही वर्ज्य, प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. डेकवरच्या बहुतेक धातूच्या फिटिंगसाठी माझी पसंती ब्युटाइल टेपला, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टीला. ती कधी कडक होत नाही, फिटिंग थोडी हलली तरी सोबत ताणली जाते आणि काढताना हातानं निघते. पेट्रोल-डिझेल सांडतं त्या जागी आणि पाण्याच्या पातळीखाली ती चालत नाही. पत्र्याच्या गळतीवर लावतात ती डांबरी टेप दिसायला सारखीच, पण ती वेगळी. आपल्या मे महिन्यात ती पातळ होऊन डेकवर काळे ओघळ सोडते.

बाथरूमचं सिलिकॉन

सर्वांत स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं, म्हणून हेच सगळ्यात जास्त वापरलं जातं. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर त्यातून आम्ल सुटतंय असं समजा. ते धातूला खातं. खरं नुकसान मात्र नंतर कळतं. सिलिकॉनचा तेलकट थर जेलकोटवर राहतो आणि त्यावर पुढं रंग धरत नाही, इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) धरत नाही, दुसरा सीलंटही धरत नाही. जुन्या बोटीवर आधीच्या मालकानं काय लावलंय हे तपासायला जागा घासून पुसा आणि पाण्याचे चार थेंब टाका. पाणी पसरण्याऐवजी मोत्यांसारखं गोळा होऊन राहिलं, तर थर अजून आहे. नुसत्या अ‍ॅसिटोननं तो जात नाही, उलट चिंधीबरोबर आणखी पसरतो. आधी ब्लेडनं खरवडा, मग पॉलिश पेपर मारा आणि प्रत्येक वेळी नवी चिंधी घ्या. सिलिकॉनला जागा आहे ती प्लास्टिकच्या खिडक्यांवर, आणि तिथंही न्यूट्रल क्युअर, म्हणजे आम्ल न सोडणारं, असं लिहिलेलंच घ्यावं.

एम-सील तात्पुरतं ठीक. ते दगडासारखं होतं, आणि दोरीच्या ओढीनं क्लीट केसभर हलली की चीर पडते.

वरून गोल फिरवलेली रेघ

गळतंय म्हणून फिटिंगच्या कडेनं सीलंटची रेघ ओढणं, ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. पाणी बोल्टच्या भोकातून आत जातं, आणि तिथं तर काहीच लागलेलं नसतं. रेघेमुळं दोन महिने गळती थांबल्यासारखी वाटते आणि तेवढ्यात आतलं लाकूड कुजतं. पुष्कळ बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असतं. अशी क्लीट काढून भोकात खिळा फिरवून पाहा. टोकाला ओला, चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी भुसा आला, तर कोणताही सीलंट ते वाचवणार नाही.

उपाय वेळखाऊ आहे, पण एकदाच करायचा. भोक मोठं करा, कडेचं कुजलेलं लाकूड कोरून काढा, पूर्ण वाळू द्या. मग पावडर मिसळून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता पाणी आलं तरी लाकडाला लागत नाही. भोकाचं वरचं तोंड काउंटरसिंकच्या बिटनं थोडं उतरतं करा. त्या खळगीत बसलेला सीलंट बोल्टभोवती रबरी रिंगसारखा दाबला जातो, आणि पाणी अडतं ते तिथं. ब्युटाइलचा बारीक वेटोळा बोल्टच्या डोक्याखालीही द्यावा.

आवळताना वरचा बोल्ट पेचकसानं स्थिर धरा आणि खालचा नट फिरवा. बोल्ट फिरला की भोवतीची सील तुटते. ब्युटाइल एका दमात आवळू नका. थोडं आवळा, बाहेर आलेली टेप कापा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. खालच्या बाजूला, नटाभोवती, सीलंट मुळीच भरू नका. पाणी आलंच तर ते आत टपकून दिसायला हवं. खालून बंद केलं की ते लाकडातच साठतं.

आपलं ऊन

सिलिकॉन आणि एकाच ट्यूबमधलं पॉलियुरेथेन, दोन्ही हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत. वरून साय धरली तरी आतलं बराच काळ कच्चं राहतं. दमट हवेत साधारण दिवसाला 2 ते 3 मिलिमीटर घट्ट होतं, आपल्याकडं जास्त दिवस धरून चाला. भर दुपारी चटका बसणाऱ्या डेकवर काम केलं तर सीलंटमध्ये बुडबुडे येतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावं. ट्यूबवरची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पत्र्याखाली तापलेल्या दुकानात पडून राहिलेला माल मुदतीआधीही ट्यूबमध्येच घट्ट होऊ लागतो.

गळती शोधताना

पाणी जिथं टपकतं तिथूनच आत येतं, असं नसतं. दोन थरांमधून ते हातभर लांब जाऊनही निघतं. म्हणून सगळ्या डेकवर एकदम पाइप सोडू नका. सर्वांत खालच्या फिटिंगपासून सुरुवात करा, एकेका फिटिंगवर दहा-पंधरा मिनिटं पाणी ठेवा आणि आतून दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन बसवा. थेंब दिसला की त्या फिटिंगवर खडूनं खूण करा. ती वाळवून, मगच वरच्या फिटिंगकडं जा.