पहिलं वल्हं: उंची अधिक एक वीत

तारकर्लीला पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या रुंद फळीवर, एकदा चढून आलं, की कोल्हापुरात परतल्यावर स्वतःचं वल्हं घ्यायची हुक्की येतेच. घ्या, पण पहिलंच कार्बनचं नको. हलकं असतं, मान्य; पण किंमत ऐकून पांढरा रस्सासुद्धा गोड लागायचा नाही.

सुरुवातीला लांबी कमी-जास्त करता येणारं वल्हं बरं. माप सोपं आहे: आपली उंची अधिक साधारण एक वीत, म्हणजे ८-९ इंच. उंची ५ फूट ६ इंच असेल, तर वल्हं सव्वासहा फुटांच्या आसपास. आखूड पडलं तर दर वेळी वाकावं लागतं आणि कंबर बोलायला लागते. फार लांब झालं तर खांदे भरून येतात. घरात एकच वल्हं भाऊ, बहीण, वहिनी आळीपाळीनं वापरणार असतील, तर लांबी बदलायची ही सोय आणखी कामाची.

दांडा ॲल्युमिनियमचा स्वस्त पण जड; फायबरग्लास मधला मार्ग. पातं मात्र लहानच घ्या. मोठ्या पात्यानं जोर मिळतो खरा, पण तालमीत न गेलेले दंड अर्ध्या तासात गळतात.

आणि पात्याचा बाक बोर्डच्या टोकाकडे, पुढे हवा. निम्मे नवखे ते उलटंच धरतात. मीही धरलं होतं.