श्रीलंकेची सहल कशी आखावी: आधी महिना, मग किनारा

श्रीलंकेला जायचे ठरले की आपल्याकडे आधी विमानाचे तिकीट पाहिले जाते, मग हॉटेल, आणि पावसाचा विचार थेट बॅग भरताना होतो. हा क्रम उलटा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश आकाराचे हे बेट आहे. तरीही त्यावर दोन वेगवेगळे मोसमी पाऊस दोन वेगवेगळ्या बाजूंना पडतात. त्यामुळे दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला समुद्र खवळलेला असताना पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला मात्र पाण्याचा तळ दिसावा इतका तो नितळ, असे दरवर्षी घडते.

पहिली पायरी: सुट्टी कोणती आहे ते पाहून भाग निवडा

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण मे ते सप्टेंबर या काळात कोलंबो, गॉल, मिरिस्सा आणि डोंगराच्या पश्चिम उतारांवर पडतो. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पूर्वेला आणि उत्तरेला पडतो. या दोहोंच्या मध्ये येणारे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने जवळजवळ संपूर्ण बेटावर वादळी पावसाचे असतात, आणि नेमकी तेव्हाच आपली दिवाळीची सुट्टी येते. माझी पहिली सहल त्याच सुट्टीतली होती. मिरिस्साला तीन दिवस मुक्काम करूनही व्हेल पाहायला एकही बोट निघाली नाही आणि पहिल्या दिवशी व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच बॅगेत भरावे लागले. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळाने तर डोंगराळ भागात दरडी कोसळल्या आणि रस्त्यांचे व रेल्वेमार्गाचे मोठे नुकसान झाले. म्हणून दिवाळीखेरीज दुसरी कोणतीही सुट्टी मिळत असेल, तर तीच घ्यावी.

नाताळच्या सुट्टीत दक्षिण किनारा आणि चहाचे डोंगर घ्यावेत. मे महिन्याच्या सुट्टीत दांबुल्ला, सिगिरिया, पोलोन्नरुवा हा मध्यभागातला कोरडा प्रदेश आणि तिथून त्रिंकोमाली, अशी आखणी उत्तम जमते. ऊन कडक असते, पण विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला ते सोसते. जुलै-ऑगस्टमध्ये रजा मिळाली, तर पूर्व किनारा, मिन्नेरियाचे हत्ती आणि कँडीचा एसला पेरहेरा हा मिरवणुकीचा उत्सव, हे तिन्ही एकाच फेरीत पाहता येतात. एप्रिलच्या मध्यावर मात्र जपून आखणी करावी, कारण १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असते. त्या आठवड्यात दुकाने बंद राहतात, गाड्या भरून जातात आणि चालक आपापल्या गावी गेलेले असतात.

दुसरी पायरी: मुक्काम कमी करा

नकाशावर अंतरे फसवी दिसतात. कोलंबो ते कँडी हे अंतर सुमारे ११५ किलोमीटरचे आहे, पण वाटेत गावे, वळणे आणि बसगाड्या असल्यामुळे तीन ते चार तास सहज लागतात. विमानतळाजवळच्या रात्री सोडल्या, तर दहा दिवसांत चारपेक्षा जास्त ठिकाणी बॅगा उघडू नयेत. विमानतळ कोलंबो शहरात नसून उत्तरेला कटुनायकेला, नेगोम्बोच्या शेजारी आहे. त्यामुळे पहिली रात्र नेगोम्बोला काढून सकाळी थेट सिगिरियाकडे निघावे आणि कोलंबोच्या वाहतुकीत अर्धा दिवस घालवू नये. सिगिरियाला तीन रात्री, कँडीला दोन, डोंगरातल्या एल्ला किंवा नुवारा एलियाला दोन आणि उरलेल्या किनाऱ्यावर, असा नाताळातला कार्यक्रम होतो. मे महिन्यात डोंगरातल्या रात्री कमी करून त्या त्रिंकोमालीला द्याव्यात.

कुटुंब असेल तर चालकासह गाडी ठरवणे सोयीचे असते. चालकाच्या राहण्याजेवणाचा खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे का, हे आधीच विचारून लेखी घ्यावे. कँडी ते एल्ला हा प्रवास मात्र रेल्वेने करावा आणि सामान गाडीतून पुढे पाठवावे. सहा-सात तासांच्या या प्रवासात चहाचे मळे अगदी खिडकीला लागून जातात. आरक्षण तीस दिवस आधी खुले होते आणि लगेच संपते, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. वादळामुळे झालेल्या नुकसानीनंतर कोणत्या टप्प्यावर गाड्या चालू आहेत, याची चौकशी आरक्षणाआधी करावी.

तिसरी पायरी: एकाच ठिकाणी खोलवर जा

अनुराधापूर, पोलोन्नरुवा, दांबुल्ला, सिगिरिया आणि कँडी ही पाचही ठिकाणे एका सहलीत उरकण्याचा मोह टाळावा. अनुराधापूरला जाणार असाल, तर निदान अर्धा दिवस महाबोधी वृक्षाजवळ शांत बसण्यासाठी राखून ठेवा. परंपरेनुसार सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेच्या मूळ वृक्षाची फांदी इथे आणून लावली. पांढरे कपडे घातलेले भाविक हातात कमळे घेऊन येतात आणि कोणी मोठ्याने बोलत नाही.

सिगिरियाला मात्र पहाटे पोहोचावे. पाचव्या शतकात राजा काश्यपाने या उभ्या कातळाच्या माथ्यावर आपला वाडा बांधला. पायऱ्या सुमारे बाराशे आहेत आणि दरवाजे सकाळी लवकर उघडतात, तेव्हा ऊन चढण्याआधी वर जाऊन यावे. अर्ध्या वाटेवर, चित्रांच्या गुहेखाली, एक गुळगुळीत भिंत लागते. एके काळी ती आरशासारखी चकाकत असे. बहुतेक लोक तिच्यापुढून घाईने निघून जातात. तिथे थांबावे, आणि सकाळचे तिरपे ऊन पडलेले असताना जवळून निरखून पाहावे: बारीक, केसाएवढ्या रेषांनी कोरलेली अक्षरे दिसू लागतात. शेकडो वर्षे इथे आलेल्या प्रवाशांनी वरच्या चित्रांतल्या स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या या कविता आहेत. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणविताना यांनी त्यांपैकी ६८५ वाचून प्रसिद्ध केल्या. भिंतीला हात लावू नये आणि गुहेतल्या चित्रांचे फोटो काढू नयेत, हे नियम पाळावेतच. कातळावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, म्हणून शांतता राखण्याच्या सूचनेकडेही दुर्लक्ष करू नये.

मंदिरात आणि विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत, चपला आणि टोपी बाहेर काढावी. आपल्या लोकांकडून नकळत होणारी एक चूक म्हणजे बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणे. तिथे हा अपमान मानला जातो. मूर्तीकडे तोंड करून उभे राहावे. प्रत्येक पौर्णिमेला, ज्या दिवसाला तिथे पोया म्हणतात, सुट्टी असते आणि मद्यविक्री पूर्ण बंद राहते. अशा दिवशी विहारांत गर्दी असते, पण गावातला उत्सव पाहायला याहून चांगला दिवस नाही. तेव्हा पंचांग पाहून एखादी पौर्णिमा सहलीत मुद्दाम धरावी.

चौथी पायरी: जंगल आणि साहस

मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या शतकात राजा महासेनाने बांधला. कोरड्या दिवसांत पाणी मागे सरते, ओल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हत्तींचे मोठमोठे कळप तिथे जमतात. अलीकडे पाण्याची पातळी वरच्या धरणांमुळे कधी कधी चढलेली राहते, तेव्हा हेच कळप शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलू इथे जातात. म्हणून जीपचे पैसे आधी भरून न ठेवता, त्या दिवशी हत्ती कुठे आहेत हे स्थानिकांना विचारून मगच उद्यान ठरवावे. हत्तीवर बसण्याच्या खेळांना पैसे देऊ नयेत. लहान मुले सोबत असतील, तर उडावलवेचे हत्ती संक्रमण केंद्र दाखवावे. तिथे अनाथ पिल्लांना दूध पाजताना लांबून पाहता येते आणि मोठी झाल्यावर ती जंगलात सोडली जातात.

बिबट्यासाठी ‘याला’ नावाचे राष्ट्रीय उद्यान प्रसिद्ध आहे. श्रीलंकेत वाघ नाही की सिंह नाही. बिबट्याच सर्वांत मोठा शिकारी असल्यामुळे तो आपल्याकडच्यापेक्षा अधिक मोकळेपणाने उघड्यावर दिसतो. मात्र यालाचा मुख्य भाग बहुधा सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो आणि हंगामात तिथे जीपगाड्यांची रांग लागते. गर्दी नको असेल त्यांनी विल्पट्टूचे उद्यान निवडावे.

श्रीपाद शिखर २,२४३ मीटर उंच आहे. माथ्यावरच्या पदचिन्हाला बौद्ध बुद्धाचे, हिंदू शिवाचे आणि मुसलमान आदमाचे मानतात, आणि सर्वजण एकाच वाटेने चढतात. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वेसाकपर्यंत, म्हणजे बुद्धपौर्णिमेपर्यंत, यात्रा असते. तेव्हा वाटेवर दिवे आणि चहाची दुकाने असतात. पायथ्याच्या नल्लथन्नियाहून रात्री दोनच्या सुमारास चढायला लागावे. पायऱ्या पाच हजारांवर आहेत, पण सह्याद्रीत गड चढणाऱ्यांना दम कमी लागतो आणि उतरताना गुडघे जास्त दुखतात, म्हणून काठी घ्यावी. यात्रेबाहेरच्या पावसाळी महिन्यांत हा चढ करू नये. सिंहराजाच्या वर्षावनात जळवा असतात. लांब मोजे आणि स्थानिक वाटाड्या, दोन्ही हवेतच. राफ्टिंग कितुलगलाला केळणी नदीवर होते; व्हेल मिरिस्साला डिसेंबर ते एप्रिल या काळात दिसतात.

पाचवी पायरी: खाणे, पैसे, कागदपत्रे

शाकाहारी वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे. नारळाची लाल चटणी, म्हणजे पोल सांबोल, आपल्या खोबऱ्याच्या चटणीसारखी दिसते. पण तिच्यात बहुधा उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. भाजीतही तो घालतात. नुसते ‘शाकाहारी’ म्हणणे पुरेसे होत नाही, ‘उंबलकड नको’ असे स्पष्ट सांगावे लागते. एवढे सांगितले की मात्र जेवण फार सुखाचे होते: परिप्पु म्हणजे मसुरीची आमटी, फणसाची भाजी, आप्पे नव्हे तर वाटीसारखे आप्प, आणि शेवटी म्हशीच्या दह्यावर कितुल ताडाचा पाक.

भारतीयांना प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. शुल्क आणि नियम बदलत राहतात, म्हणून सरकारी संकेतस्थळच पाहावे आणि पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक असावी. स्मारकांच्या तिकिटात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, त्यासाठी पासपोर्ट जवळ बाळगावा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालते, पण खेड्यात रोख पैसेच लागतात. डास चावणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण डेंग्यू आहे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १९९० आणि पर्यटक पोलिसांचा १९१२, हे दोन्ही फोनमध्ये आधीच साठवावेत.

परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पुन्हा नेगोम्बोलाच ठेवावा. डोंगरातून त्याच दिवशी उतरून विमान गाठण्याचा बेत करू नये, कारण एक दरड किंवा एक मिरवणूक पुरते. तिथली मासळीबाजाराची सकाळ पाहून निवांत विमानतळावर जाता येते.