खनिजातली चांदी मुशीत कशी मोजायची

आमच्या बेळगावात शहापूरच्या सराफांना मूस-टाकणखार काय नवीन नाही, खरं दागिन्याचा कस काढणं वेगळं आणि दगडातली चांदी मोजणं वेगळं. दगड मैद्यासारखा बारीक करा, नीट मिसळा आणि त्यातलं ३० ग्रॅम घ्या. त्यात मुरदाडशिंग (शिशाचा ऑक्साइड), सोडा, टाकणखार, थोडी वाळू आणि चमचाभर गव्हाचं पीठ (हो, चपातीचंच!), पिठातल्या कार्बनमुळं शिसं सुटतं आणि चांदी गोळा करून तळाला बसतं. मूस भट्टीत साधारण १०००-१०५० अंश सेल्सिअसला तासभर, मग साच्यात ओतून गार झाल्यावर काचेसारखा मळ हातोडीनं फोडा.

शिशाचा गोळा हाडाच्या राखेच्या कुपीत (छोट्या वाटीत) ठेवून भट्टीत हवा खेळती ठेवा, इथंच सगळे चुकतात बघा, आच जास्त झाली की चांदीच उडते आणि राखेतपण मुरते. कुपीच्या काठाला मुरदाडशिंगाची पिसांसारखी स्फटिकं धरली की आच बरोबर. शेवटी शिसं जाऊन उरलेला चांदी-सोन्याचा मणी एकदम चमकतो.

समजा मणी ६.२ मिलिग्रॅम, नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळवून उरलेलं सोनं ०.२, म्हणजे चांदी ६, टनाला २०० ग्रॅम. मुरदाडशिंगातपण चांदी असते, म्हणून दगडाशिवाय एक मूस लावून तेवढी वजा करा. शिशाची वाफ विषारी, धुराडं चालू नसेल तर भट्टी पेटवूच नका.